नायिकेचं नाव मी ठेवलं होतं

मी आयुष्यात जे घोळ घातले त्यांतले बहुतेक निस्तरले गेले. एकदा ड्रॉइंग उलटं धरून भोकं पाडली आणि अख्खा लॉट भंगारात घातला. मेमो मिळाला, साहेब दोन महिने बोलले नाहीत, विषय मिटला. एकदा भलत्याच माणसाच्या लग्नात जेवून, आहेर देऊन, स्टेजवर फोटो काढून आलो, तेही मिटलं. एक घोळ मात्र मिटला नाही. तो दोन पायांवर हिंडतो, त्याला पगार आहे, आधार कार्ड आहे, आणि तो मला काका म्हणतो.

सुरुवात आकुर्डीतल्या एका व्हिडिओ सेंटरमध्ये झाली. त्याला आता तीस-बत्तीस वर्षं होतील. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळं बाकीचं जग रविवारी जे करतं ते आम्ही गुरुवारी करायचो. मी लातूरकडून आलेला, बारावी सायन्स नापास होऊन मग आयटीआय केलेला अप्रेंटिस. माझ्याबरोबर खोलीत राहायचा तो चाकणच्या पलीकडच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, ट्रेड फिटर. त्याला मी इथं फिटरच म्हणतो; तो स्वतःची ओळख आजही तशीच करून देतो. आमच्या सगळ्या टोळीत बारावी सायन्सपर्यंत पोचलेला मी एकटा. नापास झालो हे मी लपवलं नव्हतं, पण इंग्रजीत काठावर पास झालो होतो हेही जोडीला सांगितलं होतं, आणि लोकांनी त्यातलं पुढचंच लक्षात ठेवलं. मीही त्यांना मागचं पुन्हा आठवू दिलं नाही.

त्या गुरुवारी दुपारी हिंदी कॅसेटची टेप मशिनमध्ये गुंतली, म्हणून सेंटरवाल्यानं होता तो इंग्रजी पिक्चर लावला. अंतराळातला. जहाजं, तारे, चंदेरी कपड्यांतली माणसं. पहिल्या पाच मिनिटांत कुणाला काही कळेना, बाकांवरची माणसं उठायला लागली. तेव्हा फिटर उभा राहिला आणि म्हणाला, "बसा राव. आपल्याकडं बारावी सायन्स हाय."

मला कळत होतं ते ‘यस’, ‘नो’ आणि ‘गो’. पण पंचवीस माणसं माझ्याकडं बघायला लागल्यावर मी उठलो, टीव्हीला खेटून उभा राहिलो आणि सांगायला लागलो. सुरुवातीला अंदाजानं सांगत होतो. मग लक्षात आलं की अंदाज चुकला तरी कुणाला कळणार नाही. मग मी अंदाज करायचंही सोडलं.

पिक्चरमध्ये एक बाई होती. बारीक कापलेले केस, मोठे डोळे, चेहऱ्यावर एक शांतपणा. ती खरी कोण होती हे मला फार वर्षांनी कळलं: ती फितूर होती, सगळ्या जहाजाला शत्रूच्या हवाली करते ती तीच. पण फिटरला ती आवडली होती. ती पडद्यावर आली की तो पुढं सरकायचा. म्हणून मी तिला नायिका केलं. ती शत्रूशी खुसफुस करत होती तेव्हा मी सांगितलं, ती मागं राहिलेल्या माणसांसाठी बिघडलेलं इंजिन एकटीनं दुरुस्त करतेय. ती जहाजाचं दार बंद करून निघून गेली तेव्हा मी सांगितलं, आतल्यांना वाचवायला ती स्वतः बाहेर थांबली. सेंटरमध्ये कुणीतरी नाक शिंकरलं. मलाही भरून आलं, आता काय सांगू.

तेवढ्यात फिटरनं विचारलं, "भावा, हिचं नाव काय?"

नावाची मी तयारी केली नव्हती. तेव्हा मी टूलरूममध्ये एका जुन्या परदेशी लेथ मशिनवर काम शिकत होतो. त्याच्या लोखंडी बेडवर ओतीव अक्षरांत त्याच्या कंपनीचं नाव होतं. रोज शिफ्ट संपताना मी ती अक्षरं चिंध्यांनी पुसायचो. खंडेनवमीला त्यांच्यावर हळदीकुंकू वाहायचो. कानाला ते नाव बाईचं वाटायचं, शेवटी ‘आ’ होता. लेथ स्वभावानं महाखवचट: तेल गळायचं, नग पकडणारा चक सैल व्हायचा, आणि आवाज असा की शेजारचा माणूस हातवारे करून बोलायचा. तोंडाला आलं ते नाव मी सांगून टाकलं. फिटरनं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. का ते कळेलच.

पाच-सहा वर्षांनी फिटरला मुलगी झाली. पत्रिकेतून अक्षर निघालं होतं, त्याच्या आईनं त्या अक्षरावरून देवाचं नाव ठरवून ठेवलं होतं. फिटर ऐकेना. म्हणाला, माझ्या पोरीचं नाव त्या आकाशातल्या बाईचं. जी सगळ्यांना वाचवून स्वतः मागं थांबली तिचं. बारशाला गावी गेलो तर आत्याबाईंची जीभ त्या नावावर अडखळत होती. पाळण्याशी वाकून त्यांनी भावाला दोनदा विचारून घेतलं. मी चार हातांवर उभा होतो, घुगऱ्यांचा द्रोण हातात. नाव कानात पडायच्या आत बोलायला तेवढा वेळ पुरला असता. माझ्या तोंडात घुगऱ्या होत्या. त्या गिळून होईपर्यंत कुर्रर्र झालं, आणि मी आणखी थोड्या मागून घेतल्या.

वाटलं होतं, गावात त्या नावाचं काहीतरी सोपं रूप होईल, घरात बबी म्हणतील, प्रकरण विसरलं जाईल. तसं झालं नाही. पोरगी त्या नावाला चिकटली. शाळेत बाईंनी चुकीचं लिहिलं तर ती खोडून घ्यायची आणि वर गोष्ट सांगायची. माझी गोष्ट. डिप्लोमा केला, चाकणला एका कंपनीत क्वालिटीत लागली. इंटरव्ह्यूत साहेबानं विचारलं, हे नाव कुठलं? तिनं सांगितलं, अशी अशी एक बाई होती, सगळे निघून गेल्यावर तिनं एकटीनं इंजिन चालू केलं. साहेब हसले म्हणे, आणि मग बाकीचं फारसं विचारलंच नाही. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काका, ही नोकरी तिच्यामुळं." मी पेढा खाल्ला. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णायक क्षण मी काहीतरी खात घालवले आहेत.

मधल्या वर्षांत मी पहारा तेवढा चोख ठेवला. सीड्या आल्या तेव्हा फिटरला सांगितलं की बाजारात मिळतो तो तो नव्हे, नक्कल आहे. टीव्हीवर एकदा हिंदीत लागणार होता, त्या दिवशी दिघीला एक प्लॉट बघायचाय म्हणून मी त्याला दुपारभर उन्हात फिरवला. तो प्लॉट मला घ्यायचा नव्हता आणि मालकाला विकायचाही नव्हता. आम्हा तिघांत फिटर तेवढा मनापासून माती हातात घेऊन बघत होता.

आणि मग, इतक्या वर्षांनी, त्या लोकांनी दुसरा भाग काढला.

मला आधी फिटरचाच फोन आला. व्हीआरएस घेऊन रिटायर झाल्यापासून तो फोनवर ओरडून बोलतो, जणू मध्ये प्रेस मशिन चालू आहे. आकुर्डीच्या चौकात त्याला भलंमोठं पोस्टर दिसलं होतं. "तीच राव, म्हातारी झालीय, पर तीच." मी म्हणालो, माझे गुडघे दुखतात. तो म्हणाला, पिक्चर बसून बघायचाय. मी म्हणालो, दुसरे भाग कधी चांगले नसतात. तो म्हणाला, पोरीला सातवा लागलाय, तिला तिच्या नावाची बाई बघायचीय. आणि जाता जाता म्हणाला की पहिल्या भागातून पोरीचं नाव मिळालं, आता ह्या भागात एखादं चांगलं नाव निघालं तर नातवंडाचं काम होऊन जाईल. तू शेजारी बस, ऐक नीट आणि सांग.

म्हणजे माझी बारावी सायन्स अजून चालू होती.

चिंचवडच्या मॉलमध्ये गुरुवारी सकाळचा हिंदी शो. पोरगी पुनावळ्याहून रिक्षानं आली. नवऱ्याची पहिली शिफ्ट होती. सैल पांढरा कुर्ता, हातात पाण्याची बाटली, आणि चेहरा असा की कुणा नातेवाइकाला आणायला स्टेशनवर आलीय. आम्ही दोघांनी तिला मध्ये बसवलं. फिटरनं आपल्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवला आणि वर हात धरून बसला, वेल्डिंगचा मास्क धरतात तसा.

पिक्चर दिसायला कसा होता ते सांगायला हवं, कारण मी इतकं देखणं काही आयुष्यात बघितलेलं नाही. निळ्या बर्फाचं एक शहर होतं आणि बर्फाच्या आतून दिवे चालत जायचे. एक समुद्र होता तो आभाळाला टांगलेला. जहाजं त्याच्या खालून जायची आणि थेंब आमच्या नाकापर्यंत येऊन थांबायचे. फिटर प्रत्येक थेंबाला मान मागं घेत होता. एक जहाज पडद्यावरून इतकं सावकाश सरकलं की त्याच्या पत्र्यात ताऱ्यांची अख्खी रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. "पेंट बघ राव," फिटर पोरीच्या डोक्यावरून मला म्हणाला, "एक दाणा न्हाई."

मला दिसला तो एक ओरखडा. पहिल्या भागात जहाजाच्या दारावर, कडीच्या खाली, एक तिरका ओरखडा होता. मी टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभा होतो, म्हणून तो मला आठवतो. ह्या लोकांनी दुसऱ्या भागात तोच दरवाजा दाखवला, आणि ओरखडा होता तिथंच होता. एवढ्या वर्षांनी, जगभरच्या माणसांसमोर, त्यांनी आपल्या गोष्टीतला एक ओरखडासुद्धा बदलला नव्हता. मी अंधारात बसून घामाघूम झालो.

मध्यंतरापर्यंत ती बाई आलीच नाही. फिटरनं विचारलं, कवा यायची? मी म्हणालो, येईल. मलाही माहीत नव्हतं. पोरगी पोटावर हात ठेवून पडद्यावरच्या जाहिराती बघत होती.

मध्यंतरानंतर ती आली. तीच नटी, खरोखर म्हातारी झालेली, केस अजूनही बारीक, पांढरे. डोळे तेच. सगळ्या पडद्यावर फक्त तिचा चेहरा आला आणि मागं तो निळा बर्फ. फिटरनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पोरगी पुढं सरकून बसली, अगदी बाप सरकायचा तशी. आणि पडद्यावरच्या माणसानं तिला हिंदीत हाक मारली. भलत्याच नावानं.

मग पुन्हा मारली. मग दुसऱ्या एकानं मारली. आणि हळूहळू हिंदीत सगळं स्वच्छ कळायला लागलं: हिनंच तेव्हा दगा दिला होता, हिनंच दार बाहेरून लावलं होतं, आत माणसं कोंडून मेली होती, आणि आता त्या माणसांची मुलं हिला शोधत आली होती. चांगलं हिंदी होतं. माझ्यासारख्या दुभाष्याची गरज नव्हती.

मी मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. पोरगी चष्मा काढून बसली होती. चष्म्याशिवाय तो पिक्चर धूसर, दुहेरी दिसतो. ती तसाच बघत होती. फिटर मात्र वाकला आणि तिच्या पलीकडून मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "लगीन झालं असंल. सासरी नाव बदललं."

आमच्याकडं बदलतात. त्याच्या बायकोचंही बदललं होतं. त्याला ते इतकं साहजिक वाटलं की तो पुन्हा निवांत बसला. शेवटी त्या बाईला मारतात तेव्हा तो उखडला. बाहेर आल्यावर म्हणाला की पैसा लय वतला, पर गोष्टीचं वाटोळं केलं. पहिल्या भागात किती चांगली बाई होती, ह्यांनी पार बिघडवून टाकली. मला म्हणाला, तू त्यांना पत्र लिही, तुला इंग्रजी येतं. मग पोरीला उसाचा रस आणतो म्हणून तो खाली गेला.

आम्ही दोघं सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसलो. तिनं मोबाइल काढला, पहिल्या भागाच्या सगळ्या पात्रांची यादी माझ्यासमोर धरली आणि अंगठ्यानं सावकाश वर सरकवत शेवटपर्यंत नेली.

"काका, ही यादी मी कॉलेजात असतानाच बघितली होती," ती म्हणाली. "वाटलं होतं, अपुरी असेल. माझं नाव कुठून आलं?"

खोटं तयार होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिचा आवाज तक्रारीचा नव्हता; सदोष नग टेबलावर ठेवून कुठल्या मशिनवर झाला हे विचारतात तसा होता. मी सांगितलं. लेथवरून.

तिनं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "सेंटर लेथ?"

"हो, त्याच जातीचा. जुना. परदेशी."

"आता कुठंय?"

कधीच भंगारात गेला असणार, असं मी म्हणालो. आणि मग मी तो घोळ घातला जो मला अजूनही झोपेतून उठवतो. मी म्हणालो, पण दरवर्षी खंडेनवमीला त्याची पूजा करायचो आम्ही. तिला बरं वाटावं म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात साहेबांनी, बायकोनं, पोलिसांनीही माझ्याकडं तसं बघितलेलं नाही. त्यात राग नव्हता. मला राग चालला असता.

मी म्हणालो, त्याला वर येऊ दे, मी आज सांगून टाकतो. सगळं. तो शिव्या देईल, मग माझ्याही डोक्यावरचं उतरेल.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं उतरेल. बाबांचं काय? त्यांनी मला लहानपणापासून रोज ती बाई सांगितलीय. मी आजारी पडले की ती बाई, मी नापास झाले की ती बाई. तुम्ही एक दुपार सांगितलीत काका. त्यांनी जन्मभर सांगितली." मग मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "त्यांना काही सांगायचं नाही."

फिटर तीन ग्लास सांभाळत, पाठीनं दार ढकलत आला. बिनबर्फाचा तिला दिला. मी पुन्हा एकदा, अशा वेळी, काहीतरी पीत होतो.

तिला मुलगी झाली. बारशाआधी फिटरचा फोन आला, या वेळी आवाज हळू होता. पोरीनं पत्रिकेत निघालेल्या अक्षराचंच साधं नाव धरलंय, म्हणाला. मी तिला लय सांगितलं तुझ्या काकाला विचारू, पर ऐकंना. तू मनाला लावून घेऊ नको. माझ्यासाठी तो ओशाळला होता. मी म्हणालो, छान नाव आहे. तेवढं एक मी त्याच्याशी खरं बोललो.

बारसं त्यांच्या गावीच होतं, अंगणात मांडव घालून. बायका आत पाळण्याशी, आम्ही पुरुष बाहेर खुर्च्यांवर. फिटर रंगात आला होता. नातीचं नाव साधं का, असं कुणी विचारलं नव्हतं, तरी तो सांगत होता की आमच्यात भारी नाव पोरीचं हाय, आणि त्यानं ती गोष्ट काढली. जावयाचा एक चुलतभाऊ हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं, मग सहज म्हणाला, मामा, तो पिक्चर मी दोनदा बघितलाय, त्यात या नावाचं कुणी नाही. आणि ती बाई तर व्हिलन आहे.

मांडवात चार-पाच जण हसले. फिटर हसला नाही. तो माझ्याकडं वळला. "सांग रे ह्यास्नी."

मी तोंड उघडलं. त्यातून खरं बाहेर पडणार होतं का आणखी एक खोटं, हे देवाशपथ मला माहीत नाही.

"पिक्चरमध्ये नाहीच ते." आवाज दारातून आला. ती बाळाला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभी होती. "पिक्चर एका पुस्तकावरून काढलाय. पुस्तकात ती चांगली आहे, आणि पुस्तकात तिचं हेच नाव आहे. मी वाचलंय."

जराही अडखळली नाही. चुलतभाऊ म्हणाला, असेल, पुस्तक काही मी वाचलेलं नाही. फिटरनं मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. कोर्टात जिंकलेला माणूस बघतो तसं.

पुस्तक. तीस वर्षं मी सीड्या लपवल्या, प्लॉट दाखवले, गुडघे दुखवले, पण पुस्तक मला कधी सुचलं नव्हतं. लहानपणी शाळेतलं चुकलेलं नाव खोडून घेणारी ती पोरगी. तिचं काम चूक पकडायचं, पगार त्याचाच घेते. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडं न बघता आत गेली. असलं कुठलंही पुस्तक नाही, हे त्या मांडवात दोघांनाच माहीत होतं. आणि बाप आहे तोवर ते पुस्तक आहे असंच तिला वागावं लागणार होतं.